मी न पाहिलेलं लिटल नोर

आधी ब्रीडाबाईंचं नाव लिहिते, काय झालं ते नंतर. या सदरात आभार शेवटी मानायची पद्धत दिसते. पण त्या नसत्या तर मला सांगण्यासारखं काही घडलंच नसतं, आणि घडलं असतं तरी लिहायचं धाडस झालं नसतं. ब्रीडाबाई आमच्या शेजारी राहतात. वय ऐंशीच्या आसपास, प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. इथे सगळे त्यांना नुसतं ब्रीडा म्हणतात, मला ते जमत नाही. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना बाई म्हणायचं, म्हणून त्या ब्रीडाबाई.

मी स्वतः सातवी पास. जत तालुक्यातलं गाव, पुढची शाळा लांब, घरी धाकटी भावंडं... तिथंच थांबलं. मिस्टर हॉटेलात शेफ आहेत, त्यांच्या परमिटवर मी आणि मुलगी आयर्लंडला आलो. किलकेनीपासून गाडीने अर्ध्या तासावर, नोर नदीच्या काठी हे गाव. एक चर्च, दोन पब, पेट्रोलपंपाला जोडून दुकान आणि हर्लिंगचं मैदान. हर्लिंग म्हणजे चपट्या काठीने खेळायचा इथला खेळ — त्यावरून इथे ठरलेली लग्नं मोडू शकतात. डब्लिनकडे, क्लोनडॉकिनला वगैरे मराठी मंडळी आहेत, गणपती होतो. इथे मराठी बोलायचं तर मिस्टरांशी, नाहीतर फोनवर आईशी. मुलीशी मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, तेही इथल्या सुरात.

आणि हो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका पाया पडायच्या, आणि मी मागे उभी राहून बघायचे की घुमताना ही डोक्यावरचा पदर इतका नीट कसा सांभाळते. अजूनही मी तशीच आहे. म्हणून तर लिहिते आहे... कारण हे जे झालं ते मनात कुठे ठेवायचं तेच कळत नाही.

आले तेव्हा मला इंग्लिश येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. दुकानात वस्तू बोटाने दाखवायचे. मुलीच्या शाळेत पालकांची मीटिंग असली की सगळा वेळ हसत बसायचे, गाल दुखायचे. ब्रीडाबाईंनी ते बघितलं असणार. एक दिवस कुंपणावरून म्हणाल्या, उद्यापासून सकाळी चहाला यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी एक पुस्तक काढलं. त्यात एअरपोर्ट, हॉटेलचं बुकिंग, म्युझियम कुठे आहे... दोन पानं झाल्यावर त्यांनी ते प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात टाकलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. म्हणाल्या, माणूस आपल्या गावाबद्दल बोलतो तेव्हा भाषा येते, तू तुझ्या गावाचं सांग. मला एक वाक्य जुळेना. तर म्हणाल्या, बरं, मग मी माझ्या गावाचं सांगते, तू माझ्या मागून म्हण.

त्यांचं गाव म्हणजे हे नव्हे. लिटल नोर, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात. त्यांचा जन्म तिथला. पणजोबांच्या काळात इथल्या पॅरिशमधली, म्हणजे या चर्चच्या हद्दीतली काही कुटुंबं तिकडे गेली, आणि तिथल्या ओढ्याला त्यांनी आपल्या नदीचं नाव दिलं. धाकटी नोर. पुढे ओढ्यावरून गावाचं नाव पडलं. ब्रीडाबाई सात-आठ वर्षांच्या असताना वडिलांनी तिथली शेती सोडली आणि सगळे इकडे परत आले. त्यानंतर त्या तिथे कधी गेल्या नाहीत. पण गाव डोक्यात जसंच्या तसं.

त्या ब्रेड करायच्या, त्यामुळे टेबलावर पीठ पसरलेलं असायचं. त्या पिठात बोटाने ओढा काढायच्या. "द क्रीक कम्स फ्रॉम द वेस्ट." मी मागून म्हणायचे. ओढा पश्चिमेकडून येतो, शाळेपाशी विळ्यासारखा वळतो, पूर्वेला जातो. जमीन सगळी सपाट, आमच्या जतसारखी, नजर अडवील असं काही नाही. रस्ते पट्टीने आखलेले. एकच उंचवटा, त्यावर चर्च, आणि त्या उंचवट्याला लोक टेकडी म्हणत. ब्रीडाबाई म्हणायच्या, गाय शेजारी उभी राहिली तर कोण उंच ते सांगता यायचं नाही. मग इतिहास. पहिल्या हिवाळ्यात लाकूडच नव्हतं, तर लोकांनी गवतासकट मातीच्या विटा कापून घरं बांधली. पाऊस थांबला तरी आत दोन दिवस चिखल गळायचा. लाकूड आलं तेव्हा आधी चर्च बांधलं, स्वतःची घरं नंतर. रेल्वे येणार म्हणून सगळे वाट बघत होते, ती गेली दुसऱ्याच गावावरून. "दुसरं गाव असतं तर उठून गेलं असतं," ब्रीडाबाई म्हणायच्या, "लिटल नोर बसून राहिलं." आणि एकदा बर्फाचं वादळ आलं तेव्हा शिक्षिकेने मुलांना घरी सोडलं नाही, बाकं फोडून शेगडीत घातली. लिटल नोरने एकही मूल गमावलं नाही. हे वाक्य म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. मी म्हणायचे तेव्हा माझीही व्हायला लागली.

खरं सांगते, मला त्या गावाचा अभिमान वाटायला लागला. न बघितलेल्या गावाचा. मिस्टर चिडवायचे, "अगं, तुला जतच्या तहसीलदाराचं नाव माहीत नाही आणि नेब्रास्कातल्या दुकानाचं दार कुठल्या बाजूला ते पाठ." दक्षिणेला होतं. वारा उत्तरेचा.

एक गोष्ट मात्र धड्यात नव्हती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, कप विसळता विसळता, पाठमोऱ्या उभं राहून. त्यांना एक भाऊ झाला होता. भर हिवाळ्यात. बर्फामुळे पाद्री येऊ शकला नाही, आणि बाप्तिस्मा व्हायच्या आधीच बाळ गेलं. ब्रीडाबाई तापाने आजारी, शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या. घरी आल्या तेव्हा पाळणा नव्हता. बाळाला कुठे ठेवलं ते आईवडिलांनी कधी सांगितलं नाही. चर्चच्या आवारात त्याचा दगड नाही, नोंद नाही, तिथल्या लोकांना विचारून विचारून झालं. आई मरेपर्यंत एवढंच म्हणायची, तो घरी आहे. आणि आता ती शेतं कुणा मोठ्या कंपनीला विकली जात होती. बांध, झाडं काढून सगळं एकच शेत करणार होते. नांगर फिरला की विषय संपला.

उन्हाळ्यात लिटल नोरची काही मंडळी इथे येणार होती, आपल्या पूर्वजांचं गाव बघायला. पॅरिशच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. ब्रीडाबाई जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढून तिथला भूगोल-इतिहास सांगणार, आणि शेवटी समोरासमोर बाळाबद्दल विचारणार. रेघा मी मारायच्या, कारण त्यांना वाकता येत नाही. आणि आदल्याच दिवशी मागच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. किलकेनीच्या हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्यासोबत गेले.

ब्रीडाबाई कॉटवर, चेहरा पांढराफटक. मला म्हणाल्या, "उद्या तू बोलायचंस."

मला वाटलं गोळ्यांचा अंमल आहे. मी म्हटलं, "बाई, मी सातवी शिकलेय. तिथे अमेरिकेची माणसं असणार."

"त्यांच्याच गावची माणसं आहेत. त्यांना त्यांचं गाव सांगायचं, त्यात काय. हिवाळाभर तू तिथे फिरते आहेस." मग माझा हात घट्ट धरला. "आणि शेवटी त्याचं विचार. कुठे आहे तेवढं मला कळू दे, सुरेखा. मग शेताचं ते काय करायचं ते करोत."

रात्रभर वाक्यं घोकली. मिस्टरांनी हाफ डे घेतला, तेवढाच आधार. हॉलची चावी ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ लाकडी जमिनीवर खडू म्हटल्यावर तोंड वाकडं करून उभे राहिले, मी स्वतः पुसून देईन म्हटल्यावर "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, करत चहाकडे गेले. मी गुडघ्यांवर बसून अख्खं लिटल नोर काढलं. ओढा निळ्या खडूने. चर्च, शाळा, दक्षिणेकडे दार असलेलं दुकान, प्रत्येकाचं शेत. दुपारची वेळ, खिडक्यांतून चांगलं ऊन. चाळीसेक माणसं, पाहुणे पुढच्या रांगेत. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर टॉम, ब्रीडाबाईंच्या जुन्या शेताला लागून त्यांचं शेत. टोपी गुडघ्यावर, दोन्ही हात काठीवर.

सुरुवातीला पहिलं वाक्यच आठवेना. पण "द क्रीक कम्स फ्रॉम द वेस्ट" म्हटलं आणि पुढचं आपोआप यायला लागलं. मी ओढ्याच्या कडेने चालत गेले, बोलत गेले. टेकडीच्या विनोदाला पाहुणे हसले, रेल्वेच्या गोष्टीला एक बाई मान हलवत राहिल्या. लिटल नोर बसून राहिलं म्हटल्यावर एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. मिस्टर मागे भिंतीला टेकून फोनवर शूट करत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर रडू आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा चाळीस माणसं मी काय म्हणते ते ऐकत होती.

वादळाची गोष्ट झाली. लिटल नोरने एकही मूल गमावलं नाही, असं म्हणून मी ब्रीडाबाईंच्या घराच्या चौकोनात येऊन थांबले. आता फक्त प्रश्न विचारायचा होता.

आणि मी चालायला लागले. घराच्या मागून निघाले ते शेताच्या टोकाला, जिथे तीन शेतं एकमेकांना मिळतात आणि चौथ्या अंगाला ओढा येतो, त्या कोपऱ्यापर्यंत. तिथे वाकून एक लहानसा गोल काढला. मग जे बोलले ते व्हिडिओत आहे, म्हणून शब्द नक्की सांगू शकते. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "बाळ इथे आहे. काट्याच्या लहान झाडाखाली, आंबट फळांच्या. वर चपटा दगड आहे. डोक्याशी वाटी ठेवलीय."

अंगावर काटा, गार वारा, कुणी कानात बोललं... असलं काही काही झालं नाही. मला वाटलं, हे धड्यातलंच पुढचं वाक्य आहे. इतकं साधं.

पुढच्या रांगेतली माणसं टॉमकडे बघायला लागली. मला कळलं की आपलं काहीतरी चुकलं. सॉरी म्हणाले, मला विचारायचं होतं, सांगायचं नव्हतं.

टॉम उठले. काठी टेकत आले आणि त्या गोलाच्या अलीकडे थांबले, रेघेवर पाय दिला नाही. म्हणाले, "प्लमचं तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, प्लम कुठले?

मग त्यांनी सांगितलं. त्या कोपऱ्यात रानटी प्लमची जाळी होती. काटेरी झाडं, बोराएवढी आंबट फळं. ते लहान असतानाच एका दुष्काळात वाळून गेली, आता नुसतं गवत आहे. पुढे ब्रीडाबाईंच्या घरची जमीन टॉमच कसत. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, तो कोपरा नांगरायचा नाही. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टर तिथून वळवून नेला. का, ते वडिलांनी सांगितलं नाही. "मीही विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत." मग मला म्हणाले, "तू कुठली?"

जतची, म्हटलं.

"तिथे ओढा आहे?"

"ओढा आहे," मी म्हटलं, "पाणी नाही."

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यानंतर बराच वेळ लोक नुसते त्या गोलाभोवती उभे होते. नकाशा मी पुसायला घेतला तर चावीवाले गृहस्थच म्हणाले, राहू दे आज.

घरी आल्यावर मात्र मला आठवलं की ही वाक्यं कुठून आली. आमच्यात दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. आमच्या शेताच्या बांधावर, बोरीच्या झाडाखाली माझा एक भाऊ आहे. वर चपटा दगड. आणि ठेवताना डोक्याशी दुधाची वाटी ठेवली होती, मी तेव्हा लहान होते पण ती वाटी मला दिसते. म्हणजे मी काय केलं? माझ्या भावाची जागा उचलून ब्रीडाबाईंच्या भावाला दिली. ऐंशी वर्षांच्या बाईचा शेवटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी आमच्या बांधावरून आणलं. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, वाटी आपली रीत. त्यास्नी कशाला असंल ती? जा, त्या माउलीला खरं काय ते सांगून ये."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन सगळं सांगितलं. बोरीचं, वाटीचं, सगळं. वाटलं, रागावतील. त्या हळूच म्हणाल्या की इथेही तसंच करायचे. बाप्तिस्मा न झालेलं बाळ चर्च आपल्या जमिनीत घ्यायचं नाही. मग बाप त्याला शेताच्या हद्दीवर नेऊन ठेवायचा, दोन-तीन शेतं मिळतात अशा जागी, आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. "माझे वडील इथलेच ना गं," त्या म्हणाल्या. "आणि मी इतकी वर्षं त्याला चर्चच्या आवारात शोधते आहे. आई म्हणत होती, तो घरी आहे."

तरी मी त्यांना म्हटलं, बाई, खात्री धरू नका. टॉमने बघू दे आधी.

टॉम परत गेल्यावर त्यांनी बघितलं. तिथल्या पाद्र्याला सोबत घेऊन गेले. खणलं नाही, नुसतं गवत कापून वरची माती हाताने सारली. चपटा दगड होता. आणि दगडाच्या एका टोकाला, मातीत अर्धा रुतलेला, पालथा घातलेला एक इनॅमलचा कप. पांढरा, निळ्या काठाचा. त्याचा फोटो ब्रीडाबाईंच्या फोनवर आला तेव्हा त्या घरी आल्या होत्या, मी त्यांच्या पायाखाली उशी सरकवत होते. त्यांनी फोटो बघितला, फोन मांडीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, प्रेस उघड, सगळ्यात वरचा खण. तिथे तसेच कप होते. पांढरे, निळ्या काठाचे. त्यांची आई ते लिटल नोरहून घेऊन आली होती.

मी चहा केला.

टॉम आणि गावकऱ्यांनी मिळून कंपनीकडे धरणं धरल्यासारखा पाठपुरावा केला. त्या कोपऱ्याला आता कुंपण आहे. वर्षातून एकदा लिटल नोरची विखुरलेली माणसं चर्चपाशी जेवायला जमतात, या वेळी सगळे चालत तिथे गेले. ब्रीडाबाईंनी भावासाठी निवडलेलं नाव वाचलं गेलं, मायकल. टॉमने कळवलं की जागा कशी सापडली तेही त्यांनी तिथे सांगितलं, आणि जत हा शब्द लोकांकडून दोनदा म्हणून घेतला. हे मी आईला सांगितलं तर ती गावभर सांगून आली. नेब्रास्का तिला म्हणता येत नाही, पण जत म्हणता येतं.

आता राहिलं एवढंच, की हे झालं कसं. हॉस्पिटलमध्ये पुण्याच्या एक डॉक्टर आहेत, मृणालताई. त्या फार आपुलकीने म्हणाल्या, अगं, ब्रीडांनी कधीतरी ओझरतं सांगितलं असेल, तू विसरलीस, पण डोक्यात राहिलं. असेल. पण ब्रीडाबाईंना ते प्लम माहीतच नव्हते, कप तिथे आहे हेही नाही. मिस्टर म्हणतात योगायोग. असेल. कोपऱ्याचं मला समजतं, बापाने इथली रीत तिकडे नेली. दगडाचंही समजतं. काटेरी झाडं काय, कुठेही असतात. पण कप? ब्रीडाबाईंनी इथल्या पाद्र्याला विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. बाळाजवळ कप ठेवायची रीत इथे कुणाची नाही, तिथेही नाही. मग त्या आईने तो का ठेवला, आणि मी वाटी का म्हणाले... आणि मुळात मी चालायला का लागले? व्हिडिओ मी अनेकदा बघितला. त्यात एक बाई चालतेय, घाई नाही, कुठे जायचं ते तिला माहीत आहे. ती मी आहे. याच्यापुढे मला काही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर लिहा.

ब्रीडाबाई सध्या वॉकर धरून अंगणापर्यंत येतात. डॉक्टर लांबच्या विमानप्रवासाला अजून नाही म्हणतात. मी गाडी शिकायला घेतली आहे. लेखी परीक्षा इंग्लिशमध्ये होती, पहिल्या फटक्यात पास झाले, आता रस्त्यावरची बाकी आहे. राउंडअबाउट आला की अजून घाम फुटतो. पण बाई, तुम्ही हे कुणाकडून तरी वाचून घ्याल म्हणून इथेच लिहून ठेवते: तुम्ही मला बोलायला लावलंत, आता तुम्हाला तुमच्या भावापर्यंत नेणं माझ्याकडे लागलं. डॉक्टर हो म्हणू देत, तिकडे उतरलो की मी तुम्हाला शेजारच्या सीटवर बसवून त्या कुंपणाच्या फाटकापर्यंत गाडी नेईन. तुम्ही फक्त तोवर नीट चाला. बाकी मी करते.